ठकीची सुई

पडद्याच्या अलीकडं मी आणि माझी ठकी, पडद्यापलीकडं माझी सासू, म्हणजे आत्याबाई. पडदा तरी कसला, तर हिरवा, विटलेला, आणि खालून वीतभर आखूड. त्या फटीतून मला आत्याबाईंच्या पायातल्या वहाणा दिसत होत्या. मातीनं भरलेल्या, म्हणजे बागेतून थेट आल्या होत्या.

"डॉक्टर, सुई टोचा," त्या म्हणाल्या. "तार लागलीया."

ठकी दहा महिन्यांची. आजीचा आवाज ऐकला की तिला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या आणि किंकाळी मारून ती दोन्ही हात पसरायची. तिनं तोंड उघडायच्या आत मी गळ्यातलं मंगळसूत्र काढून तिच्या हातात दिलं. ते चघळायला मिळालं की बाईसाहेबांना जगाची शुद्ध राहत नसे. सोनं गिळेल का, ही एक धास्ती, आणि ओरडेल का, ही दुसरी. देव आठवायला तिसरा हात नव्हता.

आता या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. ठकीचं खरं नाव प्राजक्ता, ती पुण्यात नोकरी करते आणि ठकी म्हटलेलं तिला खपत नाही. तिनं नाक मुरडलं तरी मी म्हणतेच. पण आधी मी पडद्याआड कशी गेले ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं मी काही भलतंच करत होते.

आमची द्राक्षाची बाग तासगावपासून थोडी आत. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. आमचे हे टेम्पोवर, सीझन आला की मुंबईच्या फेऱ्या, घरात पाहुण्यासारखे. सगळा कारभार आत्याबाईंच्या हातात. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात, नात्यानं त्या माझ्या आत्या नव्हेत. नाव हौसाबाई खराडे. बांधा काटकुळा, पण आवाज असा की बागेच्या त्या टोकाला काम करणाऱ्या बायका इथल्या हाकेला उभ्या राहायच्या.

या बाईला सुईचं वेड होतं. हो, वेडच. अंग मोडून आलं, सुई. जेवण गेलं, सुई. उन्हात फिरून डोकं धरलं, तरी सुई. स्टँडजवळ एक डॉक्टर होता, तो लालभडक औषध भरून टोचायचा, आणि आत्याबाई दंड चोळत, चेहऱ्यावर तेज आणून घरी यायच्या. आमचे घरचे डॉक्टर म्हणजे शिरगुप्पे. ह्यांच्या लहानपणापासूनचे. पण ते सुई द्यायचे नाहीत. नाडी बघायचे, जीभ बघायचे आणि म्हणायचे, हौसाबाई, सकाळी भाकरी खाऊन बागेत जा, चहावर दिवस काढू नका. आत्याबाईंना हे म्हणजे फुकटचं कीर्तन वाटे. तरी त्यांचा एक हिशेब पक्का होता. ताकदीला स्टँडवाला, जिवाला शिरगुप्पे. जिथं जीव जायची शक्यता, तिथं त्या स्टँडकडं ढुंकून बघायच्या नाहीत.

आणि हीच बाई नातीला सुई टोचू देईना.

ठकीची पहिली लस माझ्या माहेरी झाली, काही त्रास नाही. दुसरी गावातल्या शाळेत, रांगेत उभं राहून. गर्दी, रडारड, टोचली आणि पुढची या. ताप येईल, पाय दुखेल, असं कुणी अवाक्षर बोललं नाही. संध्याकाळपासून ठकी जी तापली ती दोन दिवस. मी पहिलटकरीण. हे मुंबईला. माझं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. तिसऱ्या दिवशी ठकी खुदकन हसली आणि आत्याबाईंनी ओसरीत उभं राहून हुकूम काढला, आजपासून या घरात लेकराला सुई नाही. आजारी माणसाला सुई, चांगल्या लेकराला कशापायी? मी दोनदा विषय काढला, दोनदा तो चुलीत गेला. शिरगुप्पे डॉक्टरांनीही बाजारात भेटल्यावर नातीला घेऊन या म्हटलं, तर घरी येऊन म्हणाल्या, उलटा डॉक्टर हाय, म्हातारी मागती तर देत न्हाई, लेकरू नगं म्हनतंय तर देतो.

मी मनात त्यांना काय काय नावं ठेवली ती सांगत नाही. त्या आता नाहीत.

मग माळावरच्या वस्तीत गोवर आला. दूधवाल्यानं सांगितलं. आधी दोन पोरांना, मग आणखी दोघांना, आणि त्यातल्या एकाची छाती भरली म्हणून सांगलीला हलवलं. ती वस्ती आमच्या बांधाला लागून. त्या पोरांच्या आया आमच्याकडंच कामाला. ते ऐकल्यापासून ठकी शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघायचे. सासूशी भांडायची माझी छाती नव्हती आणि गप्प बसायचीही नव्हती. मग बायका अशा वेळी जे करतात ते मी केलं. बाजारच्या दिवशी सांगितलं, कासाराकडं जाते, बांगड्या भरून येते, ठकीलाही नेते. आत्याबाई विरळणीत, म्हणजे घडातले जादा मणी काढण्यात, गुंतलेल्या होत्या, मान वर न करता हूं म्हणाल्या. मी वडापच्या जीपनं तासगाव गाठलं आणि थेट शिरगुप्प्यांच्या दवाखान्यात.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ठकीला पाळण्याच्या काट्यावर ठेवून वजन घेतलं, तिच्याशी चार गप्पा मारल्या. मग म्हणाले, पोरी, तू आई आहेस, तू हो म्हण, मी आत्ता टोचतो. गोवराची एक, आणि राहिलेली तिसरी एक. त्यात कुणाला विचारायची गरज नाही. फक्त एवढंच सांग, आज संध्याकाळी ती तापली तर घरी काय सांगणार?

हा विचार मी केलाच नव्हता. बांगड्या भरून कुणाचं पोर तापत नाही. तरी मी तोंड उघडलं होतं, हो म्हणायला, आणि बाहेरून आवाज आला, "हाईत का डॉक्टर?" तो आवाज मी पाताळातही ओळखला असता. मी ठकीला उचललं आणि पडद्यामागं गेले. डॉक्टरांनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा दाराकडं, आणि काही झालंच नाही अशा सुरात म्हणाले, या हौसाबाई, बसा.

तर अशी मी पडद्याआड होते.

झालं होतं असं की द्राक्षाच्या मांडवाची जुनी तार सुटून आत्याबाईंचा तळहात फाटला होता. गंजकी तार. त्यांचा नियम होता, तार लागो की खिळा, दिवस मावळायच्या आत धनुर्वाताची सुई. स्वतःलाच नव्हे, बागेतल्या कुणालाही. मागच्या साली एक बाई नको म्हणाली तर तिला दंडाला धरून तासगावला आणली होती. आणि ही सुई जिवाची, म्हणून स्टँडवाला नाही, शिरगुप्पे. दुधाची गाडी मिळाली, आल्या. माझ्या नशिबातच ते होतं.

डॉक्टर जखम धुवायला लागले. आत्याबाई तारेला शिव्या देत होत्या. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "धनुर्वात झालाय का तुम्हाला?"

"असं काय बोलताय, डॉक्टर? झाल्यावर सुई घिऊन काय उपेग? त्यो यायच्या आधीच घ्यायची असती."

मला वाटलं, संपलं. आता डॉक्टर टाळी वाजवणार, बघा तुम्हीच बोललात म्हणणार, आणि माझं काम फत्ते. पण या माणसाची एक खोड होती. प्रश्न विचारायचा आणि चष्मा काढून पुसत बसायचं. तसेच बसले. पडद्याआड माझा जीव वरखाली होत होता, आणि हे आपले काच पुसतायत.

आत्याबाई काही खुळ्या नव्हत्या. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "तुमी आता नातीचं काढनार."

"मी कुठं काढलं?"

"ते येगळं हाय. तिला कुठं तार लागलीया?"

मी ओठ चावून हसू दाबलं. डॉक्टर मात्र मोकळेपणानं हसले. म्हणाले, हे बिनतोड बोललात. मग सांगायला लागले, पण शिकवायच्या सुरात नाही, शेजारी बसून बोलावं तसं. धनुर्वाताला तार लागते, खिळा लागतो, म्हणून माणूस सावध तरी होतो. गोवराला काहीच लागत नाही. गोवर आलेलं पोर नुसतं खोकून गेलं तरी मागं हवेत राहतो तो. लेकरू चांगलं दिसतंय तोवरच लस द्यायची वेळ असते. आणि माळावर आलाय, हे तुम्हाला माझ्या आधी कळलं असेल.

"गोवर समद्यास्नीच येतो," आत्याबाई म्हणाल्या. "आमास्नी बी आला. उठलो की."

"सगळी उठली?"

"बहुतेक उठत्यात."

"बहुतेक," डॉक्टर म्हणाले, आणि पुन्हा चष्म्याला लागले.

वहाणा जमिनीवर घासल्याचा आवाज झाला. ठकीनं मंगळसूत्राची वाटी तोंडातून काढून मला दाखवली, कौतुकानं. मी ती परत तिच्या तोंडाला लावली.

मग डॉक्टर म्हणाले, "हौसाबाई, एक विचारतो. सांगावंसं वाटलं तर सांगा. सुईला तुम्ही भीत नाही, हे सगळ्या तासगावला ठाऊक आहे. मग नातीच्या बाबतीत नेमकी धास्ती कशाची?"

मला वाटलं, आता तेच जुनं येणार, चांगल्या लेकराला कशापायी. पण आत्याबाईंनी ते काढलंच नाही. आणि बोलल्या तेव्हा आवाज त्यांचा नव्हता. बागेच्या टोकाला जाणारा तो आवाज पार खाली आला होता.

"लेकराची न्हाई."

"मग?"

"सुनंची."

मी ठकीला घट्ट धरलं.

"त्या येळी ताप लेकराला आला," त्या म्हणाल्या, "पर पोरगीच माज्या हातनं जाती का काय, असं झालं मला. भिताडाला टेकून बसली ती बसली. लेकरू छातीशी. मी म्हनलं माज्याकडं दे, घास खा, तर दीना. अन्नाला शिवली न्हाई. डोळं नुसतं उघडं. ल्योक मुंबईला. मी देवाला म्हनलं, लेकराला काय झालं तर हिचं बी काय खरं न्हाई. परक्याची लेक हाय, डॉक्टर. तिच्या आईनं माज्या वटीत घातलीया ती. म्हनून म्हनलं, पुन्यांदा ही सुईच नगं."

"हे तिला बोललात?"

"बोलून काय? म्हनली असती मी न्हाई भ्याले. लई मानी हाय. त्यापरास मीच आडवी पडले. सासू वाईट असली तर कुनाला नवाल वाटत न्हाई."

आता मी काय सांगू तुम्हाला. चार महिने मी त्या बाईला अडाणी समजत होते, हटवादी समजत होते. ताप आला त्या वेळी मी ठकीला त्यांच्याकडं दिलं नाही ते या भीतीनं, की त्या म्हणतील या पोरीला लेकरू सांभाळता येईना. आणि त्या तिकडं माझ्यासाठी देव पाण्यात घालून बसल्या होत्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नाक ओढलं तर आवाज होणार, म्हणून तेही ओढता येईना. शेवटी म्हटलं, मरो ती लपवाछपवी, आणि पडदा सारून बाहेर आले.

आत्याबाईंनी मला बघितलं. ठकीला बघितलं. ठकीनं ठरल्याप्रमाणे किंकाळी मारली आणि मंगळसूत्र जमिनीवर टाकून हात पसरले. आत्याबाईंनी चांगल्या हातानं मंगळसूत्र उचललं, पदराला पुसलं, आणि माझ्या मोकळ्या मनगटांकडं बघून म्हणाल्या, "बांगड्या कुठं हाईत?"

मी म्हटलं, भरल्या नाहीत.

"चोरून आलीस."

"हो."

"टोचली?"

"नाही अजून."

"का?"

"तुम्ही आलात."

डॉक्टरांनी यात तोंड घातलं नाही. चष्मा एव्हाना आरशासारखा झाला असेल. आत्याबाई बाकावर बसल्या होत्या त्या जरा सरकल्या, म्हणजे मी बसावं. मी बसले. दोघीही समोरच्या भिंतीकडं बघत होतो. मग त्या डॉक्टरांकडं वळल्या आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. ताप येईल का, खरं सांगा, समजूत घालायला म्हणून सांगू नका, असं त्यांनी बजावलं.

डॉक्टरांनी खरं सांगितलं. आजच्या दोन सुयांतली पायातली जी, तिनं आज-उद्या ताप येईल, बहुतेक येईलच. पाय सुजेल, किरकिर करेल. तापाचं औषध देतो, कसं द्यायचं तेही सांगतो. गोवराच्या सुईनं लगेच काही होत नाही, आठवड्यानं अंग थोडं कोमट लागेल, चार पुरळ उठतील, जातील. क्वचित, अगदी क्वचित मोठा त्रास होतो, म्हणून टोचल्यावर अर्धा तास इथंच बसायचं. घरी झटका आला, दूध पिणंच सोडलं, पोर उठवून उठेना, किंवा तीन दिवसांनंतरही ताप राहिला, तर कुठलीही वेळ असो, माझं दार वाजवायचं.

आत्याबाईंनी प्रत्येक गोष्ट परत म्हणवून घेतली. तापानं बिघडत नाही हे दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "हे त्या येळी सांगितलं असतं, तर आमी दोघी भ्यालोच नसतो."

"सांगायला पाहिजे होतं," डॉक्टर म्हणाले.

"आता तुमी सांगितलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुजं काय? तू आई हाईस."

लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. त्या घरात मला असं कुणी पहिल्यांदाच विचारलं. मी म्हटलं, टोचू या, आत्याबाई. पण तुम्ही धरा तिला, मला बघवायचं नाही.

"धरते. पर आदी माजी सुई. बघू दे तिला आजीचं शूरपन."

डॉक्टरांनी त्यांच्या दंडात धनुर्वाताची सुई दिली. ठकी मोठे डोळे करून बघत होती. सुया पचवलेली ही बाई, पण त्या दिवशी नातीसमोर हसायचं म्हणून इतकं तोंड वेडंवाकडं केलं की ठकी खळखळून हसली. मग तिची पाळी. आत्याबाईंनी तिला मांडीवर आवळून धरलं, पाय आपल्या दोन गुडघ्यांत, हात काखेत, बागेतला वेल बांधावा तसं. एक पायात, एक दंडात. ठकीनं दवाखाना डोक्यावर घेतला. बाहेरच्या बाकावरचं एक पोर तिला साथ द्यायला लागलं. आणि आत्याबाई तिला थोपटत सांगत होत्या, झालं, झालं, आमची बाय आता गोवराला भीत न्हाई.

अर्धा तास बसलो. तेवढ्यात आत्याबाईंनी एक ताकदीची सुई मागून बघितली. डॉक्टरांनी भाकरी खा म्हणून सांगितलं. येताना त्यांनी मला कासाराकडं नेलं, म्हणाल्या, घरी बांगड्या सांगून आलीयास तर रिकाम्या हातानं कशी जाशील, शेजारणी काय म्हणतील.

संध्याकाळी ताप आला. आत्याबाईंनी ठकीच्या कपाळाला हात लावला आणि पाव्हणा वेळेवर आल्यासारखं म्हणाल्या, "आला बघ, डॉक्टर म्हनले तसा." औषध दिलं. माझ्यापुढं ताट ठेवलं आणि समोर बसून मला जेवायला लावलं. मग ठकीला माझ्या मांडीवरून उचललं. या वेळी मी दिली. म्हणाल्या, तू जाऊन पड, मी बसते. मला वाटलं, डोळा लागायचा नाही. पण सासरी आल्यापासून मी इतकी गाढ कधी झोपले नव्हते. उठले तेव्हा उन्हं ओसरीवर आली होती, ताप उतरला होता, आणि ठकी आजीच्या मांडीवर बसून माझ्या नव्या बांगड्यांकडं झेपावत होती.

गोवर आमच्या वस्तीवरही आला, पुढच्या महिन्यात. ठकीला शिवला नाही. पण तो यायच्या आधीच, लगेच पुढच्या बाजाराला, आत्याबाईंनी आमच्या वस्तीवरच्या तीन सासवा, तीन सुना आणि सगळी चिल्लीपिल्ली दुधाच्या गाडीत भरली आणि शिरगुप्प्यांच्या दारात नेऊन उतरवली. वाटेत त्यातली एक सासू कुरकुरत होती, लेकरू तापलं तर काय करायचं, कुणाच्या जिवावर हे.

आत्याबाई तिच्याकडं वळून म्हणाल्या, "तापतंयच की. त्यात काय? सुनंला जेवू घालून झोपवायचं, आन् आपन बसायचं."